पाषाणाला ऐकू आलेली हाक

काल वैशाख शुद्ध चतुर्दशी, श्रीनृसिंह जयंती. परभणी जिल्ह्यातील पोखर्णीचा नृसिंह हे आमच्या भागातील अनेक घराण्यांचे कुलदैवत. त्यामुळे ही तिथी आम्हा सेलूकरांना विशेष जिव्हाळ्याची. आज वैशाखी पौर्णिमा, भगवान गौतम बुद्धांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण यांच्या स्मरणाचा दिवस. पंचांगाच्या पानावर या दोन तिथी एकाखाली एक येतात. आपल्यापैकी पुष्कळांची दृष्टी पहिलीवरच थांबते. माझीही आयुष्याची बरीच वर्षे तेथेच थांबली होती. ती खालच्या ओळीवर का गेली, हे आजच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

नृसिंह जयंतीच्या कीर्तनात उत्तररंगाला प्रल्हादाख्यान लावण्याचा माझा प्रघात आहे. हिरण्यकशिपू खांबाकडे बोट दाखवून विचारतो, ‘यात आहे का तुझा देव?’ लेकरू म्हणते, ‘आहे.’ आणि खांब दुभंगतो. या ठिकाणी झांज चढते, तबला चढतो, श्रोत्यांच्या अंगावर रोमांच उभे राहतात. ‘दगडालासुद्धा हाक ऐकू येते, मंडळी!’ असे मी मोठ्या आवेशाने सांगत असे.

बऱ्याच वर्षांपूर्वी असेच कीर्तन आटोपले. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली. एक बाई मात्र खांबाशी टेकून बसून राहिल्या होत्या. मी पोथी बांधू लागताच जवळ येऊन म्हणाल्या, ‘महाराज, मागच्या भादव्यात माझं लेकरू तापानं गेलं. रात्रभर हाक मारली म्या. दगडाला ऐकू येतं म्हणता, मग माझी हाक का नाही गेली?’

मी त्यांना प्रारब्धाविषयी सांगितले, पूर्वकर्माविषयी सांगितले, आत्मा न जन्मतो न मरतो हेही सांगितले. शास्त्राच्या दृष्टीने त्यात काही उणे नव्हते. बाईंनी सारे ऐकून घेतले, वाकून नमस्कार केला आणि त्या गेल्या. पुन्हा कधी कीर्तनाला दिसल्या नाहीत. त्या वर्षापासून खांब दुभंगण्याचा प्रसंग आला की माझा स्वर आतून उतरू लागला. श्रोत्यांना तो जाणवत नसे. मला जाणवत असे.

डोंगरातील आठ भये

श्रावणात मंडळी घेऊन घृष्णेश्वराच्या दर्शनास जाण्याचा माझा अनेक वर्षांचा नेम होता. दर्शन, कैलास लेणे, परत. वेरूळच्या पहिल्या बारा लेण्यांकडे आम्ही कधी वळलो नाही; ‘ती बौद्धांची’ एवढे म्हणून पुढे जात असू. एकदा परतताना छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, गाडीला बराच अवकाश होता. बरोबरच्या एका निवृत्त शिक्षकांनी बीबीच्या मकबऱ्यामागच्या डोंगरातील लेणी पाहण्याचा आग्रह धरला. वेळ घालवावा म्हणून गेलो.

ही औरंगाबादची लेणी. अजिंठा-वेरुळाच्या कीर्तीपुढे ती झाकली गेली आहेत. तेथील सातव्या लेण्यात, जे सामान्यतः इसवी सनाच्या सहाव्या शतकातील मानले जाते, आतील दालनाच्या दाराशेजारी भिंतीवर एक भव्य उभी मूर्ती आहे. हाती कमळ, मस्तकी जटामुकुट. हे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. मूर्तीच्या दोन्ही अंगांना चार-चार लहान प्रसंग कोरलेले आहेत, आणि प्रत्येक प्रसंगात भयाने ग्रासलेली माणसे हात जोडून त्या मोठ्या मूर्तीला शरण जात आहेत. एका बाजूस आग, शस्त्र उगारलेला शत्रू, बेड्या आणि बुडते गलबत. दुसऱ्या बाजूस सिंह, सर्प, पिसाळलेला हत्ती. ही सात भये पाहून मनात गजेंद्रमोक्ष उभा राहिला. मगरीच्या मिठीतून फुटलेली ती एक आर्त हाक आणि गरुडालाही मागे टाकून धावलेला नारायण. या शिल्पकाराची आणि आपल्या पुराणिकांची जातकुळी एकच दिसते, असे मनाशी म्हणत मी आठव्या प्रसंगाशी आलो.

तेथे एक आई आहे. तिच्या हातात तान्हे मूल आहे. आणि ते मूल नेण्यासाठी साक्षात मृत्यू, एका स्त्रीच्या रूपात, तिच्यापुढे उभा ठाकला आहे.

मी तेथेच बसलो. मला आमच्या देवळातील तो खांब आणि त्याला टेकून बसलेल्या त्या बाई आठवल्या. त्यांचा प्रश्न कोणीतरी चौदाशे वर्षांपूर्वी ऐकला होता, आणि प्रवचन न देता दगडात कोरून ठेवला होता.

ईश्वर की स्वर?

घरी आल्यावर पोथ्या काढल्या. महायान पंथाचा ‘सद्धर्मपुण्डरीक’ हा ग्रंथ संस्कृतातच आहे. त्यातील ‘समन्तमुखपरिवर्त’ नावाच्या प्रकरणात या बोधिसत्त्वाचे माहात्म्य वर्णिले आहे. अग्नीत, पुरात, वादळात सापडलेल्या नौकेवर, वधस्तंभापाशी, बेड्यांत, चोरांच्या वाटेवर, जो कोणी त्याचे नाव घेईल त्याला तो अभय देतो, असा त्याचा आशय. पुढे या भयांची आठ अशी गणना रूढ झाली. नामस्मरणाचा महिमा हा केवळ आपल्याच परंपरेचा विशेष आहे, असे मी समजत होतो. तो समज तेथेच गळून पडला.

संस्कृताच्या अभ्यासकाला त्या नावातच एक गोड कोडे सापडते. अवलोकित आणि ईश्वर या दोन पदांचा संधी होऊन ‘अवलोकितेश्वर’ होते: खाली, दुःखितांकडे पाहणारा प्रभू. परंतु मध्य आशियात मिळालेल्या काही प्राचीन हस्तलिखित पत्रांत हे नाव ‘अवलोकितस्वर’ असे आढळते. चिनी भाषांतरकारांनी याच रूपावरून ‘ध्वनी अवलोकणारा’ अशा अर्थाचे नाव घडविले. चीनमध्ये तो ‘ग्वान्-यिन्’ झाला आणि जपानात ‘कान्नोन’. सातव्या शतकात चालुक्य पुलकेशीच्या काळी आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएनत्संग हा मोठा व्युत्पन्न भिक्षू. त्याने जुन्यांचे भाषांतर चुकीचे ठरवून ‘ईश्वर’ हाच पाठ शुद्ध मानला. व्याकरणाच्या सभेत मी ह्युएनत्संगाच्या बाजूने बसेन. परंतु कीर्तनकार म्हणून माझा जीव त्या जुन्या पाठावर जडला आहे. हाकेचा स्वर ज्याला दिसतो, तो देव!

या मूर्तीच्या मुकुटात अमिताभ बुद्धांची एक लहानशी आकृती असते आणि तीच तिची ओळख. आपल्या गुरूला मस्तकी धारण करून तो उभा असतो. पंढरीच्या पांडुरंगाने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे, अशी आपली श्रद्धा आहे. वारकरी वाचकांना या मुकुटाचा अर्थ निराळा सांगण्याचे कारण नाही.

मराठवाड्याच्या कोरड्या डोंगरात बुडते गलबत कशासाठी, असा प्रश्न कोणाही चिकित्सकाला पडेल. त्याचे उत्तर व्यापारी मार्गांत आहे. तेर आणि पैठणहून निघालेला माल घाट उतरून सोपाऱ्याच्या बंदराकडे जाई. या मार्गांच्या आसऱ्याने आपली लेणी वाढली, आणि त्यांना दान देणाऱ्यांत व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. रानात दरोडेखोर, वाटेत श्वापदे, समुद्रात तुफान. ज्यांची माणसे महिनोन् महिने अशा प्रवासास जात, त्यांच्या घरची ती भये होती. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतही हा भयहारी अवलोकितेश्वर आहे, आणि तेथे त्याची अकरा मस्तकांची एक मूर्तीही आहे. दहा दिशांकडून येणाऱ्या हाकांसाठी एक मुख अपुरे पडते, अशीच मूर्तिकाराची भावना असली पाहिजे.

औरंगाबादच्या तिसऱ्या लेण्यात गर्भगृहातील बुद्धमूर्तीसमोर पुरुष आणि स्त्रिया गुडघे टेकून, हात जोडून बसल्या आहेत. त्याही दगडाच्याच, जवळजवळ माणसाएवढ्या. देवाच्या मूर्ती पुष्कळ ठिकाणी पाहिल्या. भक्तांच्या इतक्या जिवंत मूर्ती क्वचितच पाहिल्या. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रियांच्या मेळ्यात एक नर्तकी नाचते आहे. गाभाऱ्यात नृत्य आणि वादन! याच डोंगरातील एका लहान लेण्यात श्रीगणेश, मातृका आणि बुद्ध एकाच छताखाली आहेत. ज्यांनी ती कोरविली त्यांना शेजार अवघड वाटला नाही.

अजिंठ्याच्या मूर्तींखालील दानलेखांत ‘देयधर्म’ हा शब्द येतो. हे दान अमुक भिक्षूचे किंवा उपासकाचे. याचे पुण्य आधी मातापित्यांना आणि मग सर्व सत्त्वांना लाभो, असा त्या लेखांचा भाव असतो. पसायदान म्हटल्याशिवाय आमचे कीर्तन संपत नाही. त्या दानलेखांचाही शेवट तोच आहे.

पूर्वेकडील सहस्र मुखे

आपल्या डोंगरांतील छिन्न्या कालांतराने थांबल्या. परंतु हा हाक ऐकणारा बोधिसत्त्व तोवर चीन, कोरिया ओलांडून जपानात पोहोचला होता, आणि तेथील मध्ययुगीन मूर्तिकारांच्या हातून त्याचा महोत्सव झाला.

क्योतो नगरीत ‘सान्जुसान्गेन्दो’ नावाचे देवालय आहे. या नावाचा अर्थ तेहतीस खणांचे मंदिर. प्रार्थना करणाऱ्याच्या योग्यतेप्रमाणे अवलोकितेश्वर तेहतीस रूपे घेतो, असे चिनी पाठात सांगितले आहे. त्या रूपांत ब्रह्मा, शक्र आणि महेश्वरही येतात. जो ज्या भावाने येईल त्याला मी तसाच भेटतो, हे गीतेचे आश्वासन आठवावे. हे देवालय ११६४ मध्ये उभारले गेले आणि १२४९ मध्ये आगीत भस्म झाले. जुन्या मूर्तींपैकी १२४ वाचल्या. उरलेल्या पुन्हा घडविण्यात मूर्तिकारांच्या घराण्यांची सुमारे सोळा वर्षे गेली. आज तेथे १००१ मूर्ती आहेत: मधोमध एक विशाल आसनस्थ मूर्ती आणि तिच्या दोन्ही बाजूंस पाच-पाचशे उभ्या. सर्व लाकडाच्या, सोन्याच्या वर्खाने मढविलेल्या. मधली मूर्ती तान्केई या मूर्तिकाराने १२५४ मध्ये पूर्ण केली, तेव्हा त्याचे वय ऐंशीच्या पुढे होते. त्या वयात हाती छिन्नी स्थिर राहावी, याला उपासनाच म्हणावे लागेल.

या रांगांसमोर अठ्ठावीस रक्षकदेवता उभ्या आहेत. त्यांत ब्रह्मा आहे, इंद्र आहे, महेश्वर आहे, वैश्रवण म्हणजे आपला कुबेर आहे. बासरी वाजविणारा गरुड आहे, आणि वसू नावाचा हाडाडलेला वृद्ध ऋषीही आहे. आपल्या देवघरातील मंडळी इतक्या दूर देशी, परक्या पोशाखात का होईना, देवाच्या सेवेस उभी आहेत. तेथील सरस्वती वीणेसारखे वाद्य घेऊन बसते आणि गणपतीही तेथे पूजिला जातो. वेरूळच्या सहाव्या लेण्यात मोराशेजारी उभ्या असलेल्या ज्या देवीला आपण सरस्वती समजून हात जोडतो, ती बौद्धांची महामायूरी. तिचीच मोरावर बसलेली मूर्ती काईकेई या थोर मूर्तिकाराने १२०० मध्ये जपानातील कोयासान पर्वतासाठी घडविली. त्याच कोयासानच्या विद्यापीठात २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आठशे वर्षांच्या अंतराने त्याच पर्वताशी आपला संबंध पुन्हा जुळला.

प्राणप्रतिष्ठेच्या वेळी आपण मूर्तीचे नेत्रोन्मीलन करतो. नारा येथील तोदाइजी मंदिरातील प्रचंड बुद्धमूर्तीचे नेत्रोन्मीलन ७५२ मध्ये बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले. त्याच्या हातातील कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्या दोऱ्या जमलेल्यांनी हाती धरल्या होत्या, म्हणजे देवाचे डोळे सर्वांच्या हातून उघडले. ११८० मध्ये युद्धात ते मंदिर जळले. शुन्जोबो चोगेन नावाच्या साठी ओलांडलेल्या भिक्षूने गावोगाव फिरून, लहानथोरांकडून दान मागून ते पुन्हा उभारण्याचे काम अंगावर घेतले. ११८५ मध्ये मूर्तीचे डोळे पुन्हा उघडले, ते बोधिसेनाच्याच जपून ठेवलेल्या कुंचल्याने. झोळी घेऊन गावोगाव हिंडलेल्या माझ्यासारख्याला त्या चोगेनविषयी वाटणारा आपलेपणा वाचक समजून घेतील.

परंतु माझ्या मनाला अधिक लागल्या त्या दोन गोष्टी अगदी साध्या आहेत. त्या सहस्र मुखांत आपल्याला ज्याला भेटावयाची ओढ आहे त्याचा चेहरा सापडतो, असे तेथील लोक मानतात. गेलेल्या माणसाला शोधीत लोक त्या रांगांपुढून सावकाश चालत जातात. आणि दुसरी गोष्ट क्षितिगर्भ बोधिसत्त्वाची. वेरूळच्या तीनताल लेण्यात जे आठ बोधिसत्त्व कोरले आहेत, त्यांत तोही आहे. आपल्याकडे त्याला आज कोणी ओळखत नाही. जपानात तो ‘जिझो’ झाला. अकाली गेलेल्या बालकांचा तो सांभाळ करतो, अशी तेथील श्रद्धा. वाटेवर, दफनभूमीत, देवळाच्या अंगणात त्याच्या लहान लहान पाषाणमूर्ती असतात, आणि मूल गमावलेल्या आया त्या दगडाच्या गळ्यात तांबडे लाळेरे बांधतात.

हे वाचले तेव्हा पोथी मिटून मी बराच वेळ बसलो होतो. त्या आयांची मुले परत आलेली नाहीत. तरीही त्यांनी देवाशी संबंध तोडलेला नाही. आपल्या लेकराचे लाळेरे त्याच्या स्वाधीन केले आहे.

एकट्याची मुक्ती

बोधिसत्त्व म्हणजे कोण? निर्वाणाच्या उंबरठ्यावर पोहोचूनही, सर्व जीव मुक्त होईपर्यंत आपण आत जावयाचे नाही, असा संकल्प करून जो मागे थांबतो तो. आमच्या काही पंडितांना ही कल्पना परकी वाटते. त्यांनी भागवताचा सातवा स्कंध पुन्हा उघडावा. नवव्या अध्यायात हिरण्यकशिपूचा वध झाल्यानंतर प्रल्हाद नृसिंहाची स्तुती करतो. मुनी आपापल्या मुक्तीसाठी एकांतात मौन धरून बसतात. पण या दीनांना मागे टाकून मला एकट्याला मुक्त व्हावयाचे नाही, असा त्याच्या मागण्याचा भाव आहे. इतकी वर्षे मी प्रल्हादाख्यान लावीत आलो. खांब दुभंगला की आख्यान संपविण्याची घाई करीत आलो. आख्यानाचा गाभा खांबाच्या पुढे होता.

खांब दुभंगला, हा एका बालकाच्या भाग्याचा प्रसंग. तेच बालक पुढे देवाजवळ जे मागते, ते ज्यांचे खांब दुभंगले नाहीत त्या सर्वांसाठी मागते. औरंगाबादच्या लेण्यातील तो शिल्पकारही हेच जाणत असावा. संकट टळल्यानंतरचा उत्सव त्याने कोरला नाही. त्याने हाकेचा क्षण कोरला, आणि त्या क्षणी हाक मारणाऱ्यापासून वीतभर अंतरावर देव उभा केला. चौदाशे पावसाळे गेले. ती आई तशीच आहे, मृत्यू तसाच आहे, आणि देवही तेथून हललेला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. बुद्धांना आपण दशावतारांत गणतो. आपल्या संतांनी पांडुरंगालाच बुद्धावतार मानले. १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांसमवेत धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या बौद्ध बांधवांना मात्र ही अवतारकल्पना मान्य नाही, आणि त्यांच्या त्या भूमिकेचा मान राखलाच पाहिजे. त्या लेण्यांवर हक्क सांगण्यासाठी हे लिहिलेले नाही. शेजाऱ्याच्या देवघरात जसे आपण पादत्राणे बाहेर काढून, हळू बोलत जातो, तसे तेथे जावे, एवढेच सांगणे आहे. घृष्णेश्वराला जाणाऱ्या मंडळींनी वेरूळचे तीनताल आणि औरंगाबादचे सातवे लेणे वगळू नये. मुलाबाळांना घेऊन जावे आणि ते आठ प्रसंग त्यांच्याकडून ओळखवून घ्यावेत.

त्या बाई आता कोठे असतील, असतील की नसतील, मला ठाऊक नाही. कालच्या कीर्तनात खांब दुभंगला, झांज थांबली, आणि मी आख्यान तेथे संपविले नाही. प्रल्हादाचे मागणे सांगितले. मग औरंगाबादच्या डोंगरातील त्या आईविषयी सांगितले. मंडपात शांतता होती. ‘दगडाला ऐकू येते’ हे माझे जुने वाक्यही म्हटले. मात्र या वेळी आवेश नव्हता. आरतीनंतर दोन-तीन बायका मागे रेंगाळल्या. त्यांनी काही विचारले नाही, मीही काही सांगितले नाही. समईत तेल होते. ती संपेपर्यंत आम्ही सारे तेथेच बसलो.